भूतकाळाचा धडा

९ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. अक्षर बघून तुम्ही चष्मा पुसाल आणि पुन्हा बघाल. मीच आहे.

ठकीची बातमी आल्यावर तुम्ही दोनदा येऊन गेलात. दोन्ही वेळा मी खाली बेकरीत काम आहे म्हणून वर आलेच नाही. काम काही नव्हतं. तुमच्यासमोर बसवत नव्हतं. ठकी बोलताना हात हलवते तो अगदी तुमच्यासारखा, आणि तुम्ही आलात की हात हलवणारच. मनात धरू नका.

आता कामाचं. मला इंग्रजी शिकवा.

हसू नका. माझी शाळा सातवीतच सुटली हे ठाऊक आहे मला. पण बिटकीसाठी हवंय. दर रविवारी जावई बेकरीत फोन करतात. त्यांना आपली भाषा येत नाही, मला त्यांची. म्हणून ते ‘हॅलो मदर’ म्हणतात आणि फोन बिटकीच्या हातात देऊन बाजूला होतात. ती म्हणते, ‘हॅलो आजी.’ मी म्हणते, ‘हॅलो बाळा.’ मग ती तिकडे श्वास घेते आणि मी इकडे. गेल्या रविवारी मात्र ती बरंच काही बोलली आणि शेवटी आवाज चढवून काहीतरी विचारलं. मी घाबरून ‘येस, येस’ म्हटलं. काय कबूल केलं कोण जाणे. इतकी वर्षं सगळं ठकीमार्फत चालायचं, त्यामुळे अडलं नाही कधी.

सात वर्षांचं आई गेलेलं लेकरू, आणि आजीला धड ‘जेवलीस का’ विचारता येत नाही.

तुमचे दादा विषयच काढत नाहीत. पीठ मळतात, ट्रे लावतात. ठकीचं नाव काढलं की भट्टीचं दार उघडून आत बघत बसतात.

बिटकीला वाचता येतं. तिला पत्र लिहिता येईल एवढंच शिकवा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हे लिहून विचारते. खरं सांगू? तुमच्या आवाजापेक्षा तुमचं अक्षर सोसेल मला.

तुमची वहिनी


१७ जानेवारी

प्रिय वहिनी,

मनात काय धरायचं त्यात? दादासमोर बसून भिंत बघण्यापेक्षा मीच खाली येऊन पाव भरू लागायला हवं होतं.

आणि हसणार नाही. तीस वर्षं पोरांच्या इंग्रजीला हसून झालं, आता शिल्लक नाही. तशी हल्ली मलाच लोक हसतात. दारावरची घंटा ऐकू येत नाही, म्हणून दूधवाला खिडकीला खडा मारतो. एक काच गेली आहे.

धडा पहिला, वर्तमानकाळ. आय वर्क म्हणजे मी काम करते. यू वर्क, दे वर्क, सगळं तसंच. पण तो किंवा ती आली की मागे ‘स’ लागतो. शी वर्क्स. एकट्या माणसाला काम पडलं की क्रियापदाला शेपूट फुटतं, असं मी वर्गात सांगायचे. बेकरीत उभ्या राहा आणि दिसेल ते म्हणत जा. ही बेक्स. द ब्रेड राइजेस. द कॅट स्लीप्स. मग घरातल्या वस्तूंबद्दल बिटकीला चार वाक्यं लिहा. चुकलं तरी चालेल.

धडा दुसरा वेगळ्या कागदावर आहे, भूतकाळाचा. पहिला पक्का झाला की तो काढा. तो थोडा कुरकुरेल. आपण दारातून बाहेर पडताना ‘आलेच’ म्हणतो. पाऊल उंबऱ्याबाहेर पडलेलं नसतं आणि आल्याचं सांगून मोकळ्या. इंग्रजीत असं चालत नाही. घडून गेलेलं एका खोलीत, घडतंय ते दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार बंद.

लिहीत राहा. मला बरं वाटलं तुमचं पत्र आलं म्हणून. किती बरं वाटलं ते लिहीत नाही.

तुमची वन्सं


११ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र टाकलं. पहिलं इंग्रजी पत्र. पोस्टात तिकीट लावणारा पत्त्याकडे बघून म्हणाला, ‘मावशी, कुणाकडून लिहून घेतलंत?’ मी म्हटलं, ‘माझ्याकडून.’

दुपारी भट्टी थंड व्हायला लागली की तासभर गिऱ्हाईक नसतं. तेव्हा मळायच्या टेबलावर बसून घोकते. मांजर झोपतं, पाव फुगतो, सगळ्यांची शेपटं पाठ झाली. तुमच्या दादांकडे बोट दाखवून ‘ही बेक्स’ म्हटलं तर म्हणाले, ‘हे काय नवीन?’

बिटकीला खोलीबद्दल लिहिलं. बेकरीच्या वरची, ठकीची. धिस इज मम्मीज रूम. मम्मी स्लीप्स निअर द विंडो. खिडकीपाशी झोपते. मम्मी लाइक्स हॉट ब्रेड. मम्मी कम्स डाउन विदाउट स्लिपर्स. अनवाणी खाली येते आणि तुमच्या दादांची बोलणी खाते, पण ‘बोलणी खाते’ला इंग्रजी सापडलं नाही म्हणून सोडलं. लिहिताना वन्सं, काय सांगू. तीन महिन्यांत पहिल्यांदा खोलीत जाऊन चादर बदलली.

दुसरा धडा काढला आणि ठेवून दिला. कसलं ते. ईटचं एट, गोचं वेंट. भूतकाळात गेले की सगळे नावं बदलून बसतात. ओळख लागत नाही. नंतर बघू.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पहिल्या पत्राला शंभरातले नव्वद. शेपटं एकही विसरला नाहीत.

दहा कापले ते काळाचे. मम्मी लाइक्स नव्हे, लाइक्ड. स्लीप्स नव्हे, स्लेप्ट. आणि आपण ‘ती झोपायची, ती यायची’ म्हणतो ना, पूर्वी नेहमी घडायचं ते, त्याला इंग्रजीत युज्ड टू. शी युज्ड टू कम डाउन. सोपं आहे, नावं बदलत नाहीत. दुसरा धडा काढाच. तुम्ही भट्टीवर हात पोळून घेतलेल्या बाई, दोन क्रियापदांना काय भिता?

चादर बदललीत हे चांगलं केलंत.

तुमची वन्सं


२० मार्च

वन्सं,

बिटकीचं उत्तर आलं. पेन्सिलीने लिहिलंय. प्रत्येक ओळ उजवीकडे खाली घसरते, ठकीची लहानपणी घसरायची तशीच. तुम्ही पाठवलेल्या शब्दकोशात एकेक शब्द बघून लावलं. दोन दुपारी लागल्या.

लिहिते, टेल मम्मी आय लॉस्ट टू टीथ. मम्मीला सांग माझे दोन दात पडले. कॅन मम्मी रीड माय लेटर? मम्मीला माझं पत्र वाचता येतं का? पुढे आहे, आय विल बी व्हेरी क्वायट इफ शी इज टायर्ड. ती दमली असेल तर मी अगदी गप्प राहीन. एवढ्याशा पोरीची समज बघा. आई वरून बघते, वाचते, अशी तिची समजूत आहे. मी ती कशाला मोडू? त्याच दिवशी उत्तर टाकलं. येस, मम्मी रीड्स युवर लेटर. मम्मी इज हॅपी. मम्मी लव्ह्ज युवर टीथ.

रविवारी फोनवर तर कानाशी कुजबुजल्यासारखी म्हणाली, ‘आजी, मम्मी स्लीपिंग?’ एवढं मला आता कळतं. मी म्हटलं, ‘येस बाळा, स्लीपिंग.’ खरंच तर आहे. फोन ठेवला आणि पिठाच्या पोत्यांमागे जाऊन रडले. पण बरं वाटलं. आम्ही बोललो, वन्सं. मधे कुणीही नसताना.

दुसरा धडा राहिलाय, मला माहीत आहे. पण तिला कळतंय ना सगळं? मग घोडं कुठे अडलंय?

तुमची वहिनी


२७ मार्च

वहिनी,

हे पत्र मिळाल्यावर बिटकीला काही लिहू नका. रविवारी फोन आला तर दादाला घ्यायला सांगा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पोरगी आई वरून बघते असं म्हणत नाहीये. आई तुमच्याकडे आहे असं तिला वाटतंय. वरच्या खोलीत, खिडकीपाशी झोपलेली. तुम्ही लिहिलंत मम्मी स्लीप्स, मम्मी कम्स डाउन. इंग्रजीत याचा अर्थ आज, काल, रोज. आत्ताही. ती वाचणार कशी दुसरं काही?

‘ती दमली असेल तर मी गप्प राहीन’ हे कुणी देवाघरच्या माणसाला म्हणत नाही, वहिनी. ज्याच्याकडे जायचं असतं त्याला म्हणतात.

चूक माझ्याही लक्षात फक्त व्याकरणाची म्हणून आली. दहा गुण कापून मोकळी झाले. जावयांना आजच लिहिलं आहे.

वन्सं


२२ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुमचं काहीच आलं नाही. जावयांचं पत्र आलं. माझं पोचायच्या आधीच घडून गेलं होतं.

जसं आहे तसं लिहिते. बिटकीने वर्गात सांगितलं होतं की माझी आई दमली आहे म्हणून तिच्या आईच्या बेकरीत राहायला गेली आहे. बाईंना वाटलं, लेकरू कल्पना करतंय. तुमचं दुसरं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दप्तरात झोपायचे कपडे, दात घासायचा ब्रश आणि पडलेले दोन दात आगपेटीत घालून निघाली. विमानतळाकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर एका बाईंनी तिला विचारलं, ‘कुठे चाललीस?’ ती म्हणाली, ‘मम्मी उठायच्या आत पोचायचंय.’ त्या बाईंनी हात धरून तिला शाळेत आणून सोडलं.

जावयांनी तिला समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, ‘डॅडी, यू सेड मम्मी हॅज गॉन. आजी टोल्ड मी व्हेअर.’ तुम्ही मम्मी गेली म्हणालात, कुठे गेली ते आजीने सांगितलं. त्यांनी मला लिहिलंय की ठकी गेली त्या आठवड्यात त्यांच्या तोंडून ‘हॅज गॉन’ याच्या पलीकडे शब्द फुटला नव्हता. तिला दवाखान्यातही नेलं नाही, शेवटचं बघायलाही नेलं नाही. वाटलं, लहान आहे. इंग्रजीत हॅज गॉन म्हणजे गेली आहे, जिथे गेली तिथे आहे. दुकानात गेलेल्या माणसालाही तेच म्हणतात.

ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणतात, पोर माझ्याशी बोलत नाही. डॅडी खोटं बोलतात, आजीला विचारा, असं म्हणते. तिचा विश्वास आता एकट्या तुमच्यावर आहे. तेव्हा सांगायचं तर तुम्हालाच सांगावं लागेल. पत्राने, तुमच्या अक्षरात.

तुमची वन्सं


२ मे

वन्सं,

रविवारचा फोन बंद झाला. तुमचं पत्र आल्यापासून मी मीठ घालायचं विसरते आहे, दोनदा सगळा पाव परत आला. तुमच्या दादांनी एका शब्दाने विचारलं नाही.

मला हे जमायचं नाही. माझी लेक मेली हे मी कुणाच्या तोंडून ऐकलं? फोनवर परक्या भाषेत. जावई काहीतरी सांगत होते, रडत होते आणि मला एक शब्द कळत नव्हता. शेजारच्या औषधाच्या दुकानातला मुलगा बोलावला, त्याने फोन कानाला लावला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. मी तिला पाहिलं नाही. हात लावला नाही. आता तेच मी सात वर्षांच्या पोरीला करू? परक्या भाषेत?

आणि लिहायचंच तर सगळंच लिहिते. ठकी कॉलेजला तुमच्याकडे राहिली. तुम्ही तिला इंग्रजी दिलंत, ती त्या इंग्रजीवर बसून उडाली. आमच्या बेकरीतच राहिली असती, जाड झाली असती, दोन पोरांची आई होऊन रोज माझ्याशी भांडली असती. असती तर खरी.

दुसरा धडा जमत नाही असं मी तुम्हाला लिहिलं. खोटं होतं ते. आला त्याच दिवशी सगळा पाठ केला. ईट एट, गो वेंट, स्लीप स्लेप्ट, कम केम. आजही डोळे मिटून म्हणून दाखवते. पण बिटकीला लिहायला बसले की हात स्लीप्स लिहायचा. स्लीप्स लिहिलं की ती वर झोपलेली असायची. लाइक्स लिहिलं की तिला गरम पाव नेऊन द्यावासा वाटायचा. मला येत नव्हतं म्हणून नाही, वन्सं. मला लिहायचं नव्हतं म्हणून.

आता काय ते बोला.

वहिनी


१० मे

प्रिय वहिनी,

बोलते.

ठकीला इंग्रजी मी दिलं. ती हुशार होती आणि तिला जायचं होतं. मी नसतं शिकवलं तर दुसरीकडे शिकली असती. तिच्या रक्तातला आजार ती बेकरीत राहिली असती तरी झाला असता. तुम्हाला माझ्यावर रागवायचं असेल तर रागवा, मी कुठे पळून जात नाही. तेवढं माझ्याने सोसवेल.

आता तुम्ही एक ऐका. खाली भाजीवाली बसते. ती दर चार दिवसांनी विचारते, ‘बाई, भाची काय म्हणते?’ आणि मी म्हणते, ‘मजेत आहे. तिकडेच असते.’ सहा महिने झाले. तीस वर्षं काळ शिकवलेली बाई मी, आणि भाजीवालीला सांगताना माझा काळ चुकतो. तेव्हा तुम्हाला काय शिकवू? पण भाजीवालीचं त्याने काही बिघडत नाही. ती बसथांब्यावर जाऊन उभी राहत नाही.

तुम्ही म्हणाल, वन्सं, तुम्हीच छानशा इंग्रजीत लिहून द्या, मी उतरवते. देणार नाही. पोरगी तुमचं मोडकं वाक्य ओळखते. माझं वाक्य बघून म्हणेल, हे डॅडींनी लिहून घेतलं.

फक्त तीन गोष्टी सांभाळा. गॉन लिहू नका. स्लीप लिहू नका. लॉस्टही नको, तिचे दातही लॉस्टच आहेत. शब्द एकच आहे, डाइड. त्यात वळून बघायला जागा नाही. म्हणूनच तो लिहायचा.

तुमची वन्सं


२८ मे

वन्सं,

काल टाकलं.

दुपारी टेबल पुसून बसले. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहीत होते तर तुमचे दादा मागून आले. म्हणाले, ‘काय लिहितेस?’

म्हटलं, ‘बिटकीला.’

‘काय?’

‘ठकी वारली असं लिहिते. तिला माहीत नाही.’

त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘स्वच्छ लिही. कागदाला पीठ लागलंय.’ आणि फडकं आणून टेबल पुन्हा पुसून दिलं. मग बाहेर गेले ते दिवेलागणीला आले.

लिहिलं ते असं. उतरवून देते, चुका काढू नका.

डिअर बिटकी. मम्मी इज नॉट इन माय हाउस. आय रोट रॉंग. मी चुकीचं लिहिलं. मम्मी स्लेप्ट निअर द विंडो व्हेन शी वॉज स्मॉल. नाउ नोबडी स्लीप्स देअर. आता तिथे कुणी झोपत नाही. मम्मी वॉज इल. मम्मी डाइड. डॅडी टेल्स ट्रू. आय वॉन्टेड मम्मी इन द रूम, सो आय रोट इज. आय अ‍ॅम युवर आजी अँड आय क्राय.

शेवटचं मुद्दाम वर्तमानात ठेवलंय. ते रोजचं आहे.

तुमची वहिनी


९ जुलै

प्रिय वहिनी,

जावयांचं चार ओळींचं पत्र आलं. तुमचं पत्र बिटकीने स्वतः वाचलं, कुणाला वाचू दिलं नाही. पलंगाखाली जाऊन बसली. जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशी आपली उशी घेऊन त्यांच्या खोलीत आली आणि विचारलं, ‘डिड इट हर्ट हर?’ तिला दुखलं का? त्यांनी खरं सांगितलं. दोघं रडले. ते लिहितात की आई गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. त्यांनी आभार मानले आहेत, ते कसे पोचवायचे मला कळत नाही.

तुम्हाला लिहीन असं ती म्हणालेली नाही. वाट बघू नका. म्हणजे बघाल, ते मला माहीत आहे.

खाली भाजीवालीला सांगितलं. तिने वजन करता करता तागडी खाली ठेवली. मला जिना चढायला वेळ लागला.

तुमची वन्सं


४ सप्टेंबर

वन्सं,

बिटकीचं पत्र आलं.

तिने मला माफ केलेलं नाही. सरळच लिहिते, आय अ‍ॅम नॉट कमिंग टू युवर हाउस. यू सेड शी इज देअर. तू म्हणालीस ती तिथे आहे. डॅडी म्हणतात पुढच्या वर्षी जाऊ, पण माझी इच्छा नाही, असंही आहे. खोडरबराने काहीतरी इतकं खोडलंय की कागद फाटलाय. त्याखाली काय होतं ते उजेडाला धरूनही दिसत नाही.

आणि मग अगदी खाली एक प्रश्न आहे. वॉज मम्मी नॉटी व्हेन शी वॉज सेव्हन?

आई सात वर्षांची होती तेव्हा खोडकर होती का? वॉज, वन्सं. दोनदा वॉज. सात वर्षांच्या पोरीचा भूतकाळ बिनचूक आहे. तुम्ही पैकीच्या पैकी दिले असते. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि मला उठवेना.

तुमचे दादा ट्रे घेऊन आत आले. म्हणाले, ‘तिचं आहे?’

‘हो.’

‘वाचून दाखव.’

मी आधी इंग्रजीत वाचलं, मग आपल्यात सांगितलं. येणार नाही म्हणते तेही सांगितलं. शेवटचा प्रश्न सांगितला. ते ट्रे हातात धरून तसेच उभे राहिले. ट्रे गरम होता, मी म्हटलं, ‘ठेवा तो.’ त्यांनी ठेवला.

मग म्हणाले, ‘तू आजारी होतीस. तुला माहीत नाही. शाळेची ऑर्डर होती. मी लाकडं आणायला मागे गेलो तेवढ्यात तिने सगळ्या पावांना नाकं लावली. कणकेच्या गोळ्या करून, एकूणएक पावाला. मी ओरडलो. तर मला म्हणते, बाबा, भट्टीतला वास त्यांनी कसा घ्यायचा?’

‘मग?’

‘मग काय. तसेच भाजले. वेळ कुठे होता.’

ते हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि हसता हसताच पिठाच्या पोत्यावर बसले. कितीतरी वेळ त्यांचे खांदे हलत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले, हात लावला नाही. मग तोंड पुसून म्हणाले, ‘लिही तिला. होती म्हणावं. फार होती.’

तर मी लिहिते आहे. येस. शी वॉज. व्हेरी. पुढे नाकांची गोष्ट घालायची आहे. शी पुट नोजेस ऑन द ब्रेड, एवढं आलं. लावली याला भूतकाळात काय होतं म्हणून तुमचा कागद काढला, तर पुटचा भूतकाळ पुटच आहे. बदलत नाही.

बाकीचं एकटीने होणार नाही. बाबा, भट्टीतला वास कसा घ्यायचा, हे इंग्रजीत तुम्हीच सांगा. पत्राने नको. तुम्ही या. मी वर आहे.

तुमची वहिनी